परतलेला भाऊ आणि सातबारा

प्रश्न : धाकट्या भावाने वाटणीची जमीन विकून पैसे उडवले. आता पस्तावून परतलाय. चर्चमधले लोक उधळ्या पुत्राचा दाखला देतात. माझ्यातली जमीन त्याला द्यावी का?
– एक वाचक, राहुरी (जि. अहिल्यानगर)

उत्तर : दाखला शेवटपर्यंत वाचा. लूक १५:३१ मध्ये बाप थोरल्याला सांगतो, जे माझे ते सर्व तुझेच. धाकट्याला झगा, अंगठी, मेजवानी मिळाली. दुसरी वाटणी नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहू द्या. पण थोरल्यासारखे रुसून बाहेर थांबू नका. (त्याचा राग मला समजतो, तरीही.) भावाला घरात घ्या, जुना हिशेब चारचौघांत काढू नका. लोकांची देणी मात्र त्यानेच फेडावीत. जकातदार जक्कयानेही (लूक १९) चौपट परतफेड कबूल केली होती. या हंगामात भावाला शेतावर सोबत न्या.