लहान शेती आणि उद्याचे अन्न

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत शेतीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपण बहुतेक नोकरी-व्यवसाय करणारी माणसे. नानाखेडा या नावात खेड्याची खूण राहिली असली तरी आज येथे बसस्थानक, बाजार आणि वसाहती आहेत. तथापि शिंदेशाहीच्या काळापासून मालव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींची वडिलोपार्जित जमीन अद्याप गावाकडे आहे. ती बटाईने दुसरा कोणी कसतो. शिवाय धान्य तर प्रत्येक घरात लागतेच. तेव्हा उद्याचे अन्न कोण पिकविणार, हा प्रश्न आपलाही आहे.

प्रथम आकडे पाहू. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात सुमारे १४.६ कोटी शेतखाती असून त्यांपैकी शेकडा ८६ खाती दोन हेक्टरांहून लहान आहेत. १९७०-७१ साली सरासरी खाते २.२८ हेक्टरांचे होते. ते आता १.०८ हेक्टरांवर, म्हणजे मालवी मापाने जेमतेम पाच बिघ्यांवर आले आहे. जगाकडे पाहिले तरी चित्र फारसे निराळे नाही. जगातील दर सहा शेतांपैकी पाच शेते दोन हेक्टरांहून लहान आहेत. शेतजमिनीचा केवळ शेकडा १२ भाग त्यांच्याकडे असून जगाच्या अन्नापैकी सुमारे शेकडा ३५ भाग ती पिकवितात, असा अंदाज राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केला.

यावरून लहान शेत म्हणजे कुचकामी शेत, हा समज चुकीचा ठरतो. घरच्या माणसांची निगराणी असल्याने लहान शेतात एकरी पीक पुष्कळदा मोठ्या शेताहून सरस येते. परंतु पाच बिघ्यांत कितीही पिकविले तरी पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा खर्च त्यातून भागत नाही. लहान शेतकरी देशाला जेवू घालतो, पण त्याचे स्वतःचे घर त्यावर चालत नाही. खरी अडचण ही आहे.

जमीन वाढविता येत नाही. तिचा कस मात्र वाढविता येतो. याचा मोठा धडा आपल्या शेजारीच, इंदुरास, घालून दिलेला आहे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर तेथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनज्ञ यशवंत वाड यांनी खत तयार करण्याची जी रीत बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. १९३५ साली इंदुरास आलेल्या गांधीजींनीही ही पद्धत पाहिली.

रीत अगदी साधी आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, गुरांखालचे गवत, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर दोन फूट खोल खड्ड्यात रचावयाचे, ओल राखावयाची आणि ढीग तीन वेळा उलथावयाचा. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते. विकत आणावे असे त्यात काही नाही. म्हणूनच ही पद्धत लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातली होती.

आज त्याच मालव्यात गहू निघाल्यावर नरवाई पेटविली जाते. यंत्राने कापणी झाली की खुंट उभे राहतात, मजूर मिळत नाहीत आणि काडेपेटी स्वस्त असते. पण त्या आगीत जमिनीचे अन्नच जळून जाते. दुसरी गोष्ट पिकांची. खरिपात सर्वत्र सोयाबीन दिसते. त्याने रोख पैसा दिला हे खरे. परंतु त्याचे बहुतेक दाणे तेलाच्या गिरणीत जातात आणि पिवळा मोझॅक आला की सबंध शेत एकदम बसते. सोयाबीनच्या ओळींत तूर घेतली तर एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते आणि घरात डाळही येते. तिसरी गोष्ट विक्रीची. एकटा शेतकरी बाजारात दुबळाच असतो. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने एकजुटीने काय साधते, ते दाखविले आहे. दहा शेतकरीदेखील अशी कंपनी स्थापू शकतात.

आता आपल्याकडे वळू. ज्याला पुढील वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नाही, तो बटाईदार खड्डा कशासाठी खणील? खताचे फळ तीन-चार वर्षांनी पुरते दिसते. तेव्हा जमीन पडीक-उजाड होत असेल, तर त्याचा दोष एकट्या कसणाऱ्याचा नव्हे, दरसाल माणूस बदलणाऱ्या मालकाचाही आहे. मध्य प्रदेशात २०१६ च्या कायद्याने बटाईचा लेखी करार करता येतो व मालकाचा हक्कही सुरक्षित राहतो.

म्हणून न्यासाच्या कुटुंबांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो :

१. ज्यांची जमीन बटाईने आहे त्यांनी निदान तीन वर्षांचा लेखी करार करावा. नरवाई न जाळण्याची अट घालावी आणि खताच्या खर्चात आपला वाटा उचलावा.

२. वर्षाचा गहू व डाळ भरताना दहा-वीस कुटुंबांनी एकत्र येऊन जवळच्या लहान शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट खरेदी करावी. बाफल्यांसाठी प्रसिद्ध असलेला मालवी गहू गिऱ्हाईक असेल तरच शेतात टिकेल.

३. शेतकी शिक्षण घेणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाचा किंवा मुलीचा न्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी अवश्य विचार व्हावा.

यांपैकी पहिली सूचना अमलात आणावयाची तर पुढचा बटाईचा करार होण्यापूर्वी गावी जाऊन कसणाऱ्याशी बोलले पाहिजे. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तेवढे करून यावे, अशी आमची विनंती आहे.