वाचकांचे प्रश्न : परवडत नाही म्हणून किमान वेतन टाळता येईल का?

प्रश्न : कराडजवळ माझी पावाची बेकरी आहे. रोज बाराशे लाद्या निघतात. सात कामगार आहेत, सगळे महिना साडेनऊ हजारांवर. हिशेबनीस म्हणतात, किमान वेतनाच्या चालू दराला यायचं तर माणशी साडेतीन हजार वाढवावे लागतील. मैदा महागला, लाकूड महागलं. एवढा पगार द्यायचा तर दोघांना काढावं लागेल. गरिबासाठी केलेल्या कायद्याने दोन गरीबच घरी बसणार असतील, तर यात भलं कुणाचं? (एक बेकरीचालक)

उत्तर : आधी कायद्याचं सांगतो, कारण तिथे वाट एकच आहे. ‘परवडत नाही’ ही सबब किमान वेतनाला लागू पडत नाही. केरळातल्या कौलांच्या कारखानदारांनी हेच म्हणणं सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते. माणसाला जगवणारा हा सगळ्यात खालचा आकडा, त्याच्या खाली धंदा चालवण्याचा हक्क कुणालाच नाही. १९८२ मध्ये तर याच न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही वेठबिगारी ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. आता धंदा जुन्या कायद्याच्या अनुसूचीत होता की नव्हता, हा वादही उरलेला नाही.

आता तुमचा हिशेब करू. सात माणसांचे साडेतीन हजार म्हणजे महिन्याला २४,५०० रुपये. रोजच्या बाराशे धरल्या तर महिन्याच्या लाद्या ३६,०००. एका लादीवर बोजा पडतो ६८ पैशांचा. लादीत सहा पाव असतील, तर पावामागे अकरा-बारा पैसे. लादीला एक रुपया वाढवलात, तर वाढीव पगार निघून वर साडेअकरा हजार उरतात. थोडं गिऱ्हाईक तुटलं, तरी ते त्यात भागेल.

तुम्ही म्हणाल, शेजारच्या बेकरीने जुनाच भाव ठेवला तर? तुमचं खरं दुखणं हेच आहे आणि ते रास्त आहे. पण मग तक्रार कायद्याविरुद्ध नाही, तो सगळ्यांना सारखा लावला जात नाही याविरुद्ध आहे. सगळ्या भट्ट्यांना एकच दर लागला, तर कमी पगाराच्या जोरावर कुणी तुमचं गिऱ्हाईक पळवू शकणार नाही. तालुक्यातल्या बेकरीवाल्यांनी एकत्र बसून एकाच तारखेला भाव वाढवणं कायद्याने अडचणीचं आहे, त्या फंदात पडू नका. कामगार कार्यालयाकडे सगळीकडे सारखी तपासणी मागा, ते तुमच्याच हिताचं आहे.

आणि काढणार कोणते दोघे? रात्री दोनला पीठ मळणारा, की चारला भट्टीपुढे उभा राहणारा? सातांचं काम पाचांवर टाकलं, की लाद्या कमी निघतात किंवा करपतात. आज तुमच्याकडून वर्षाला किती कारागीर जातात, जाताना अंगावरची किती उचल बुडते, नवा माणूस हाताखाली येईपर्यंत किती माल वाया जातो, हे वहीत एकदा लिहून काढा. पगार वाढला की ही गळती कमी होते. वाढीतला काही भाग तिथेच भरून निघतो.

पगार वाढला की नोकऱ्या जातातच का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या चारशेहून अधिक खाद्यगृहांची माहिती गोळा केली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर इतर अर्थतज्ज्ञांनी जोरदार हरकती घेतल्या आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

पण तुमची भीती अगदीच निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्याच राज्यातला दाखला आहे. १९८८ मध्ये रोजगार हमी योजनेची मजुरी किमान वेतनाबरोबर जवळपास दुप्पट झाली. मजुरांच्या हाती जास्त पैसे पडायला हवे होते. पण मागेल त्याला काम मिळणं अवघड झालं, कामाचंच रेशनिंग सुरू झालं. तिजोरीतला पैसा त्या प्रमाणात वाढला नव्हता आणि सरकारला पावासारखा भाव वाढवून तो वसूल करता येत नव्हता. वर्षानुवर्षं दर गोठवायचे आणि मग एका दिवशी दुप्पट करायचे, यात कामगाराचाच घात होतो. महाराष्ट्रात महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, विशेष भत्ता बदलतो तो याचसाठी. तुम्ही तेव्हाचे तेव्हा वाढवत आला असतात, तर आज साडेतीन हजारांचा हा डोंगर एकदम पुढे उभा राहिला नसता. सातही जणांना ठेवा, पगार या महिन्यापासून पूर्ण करा आणि पुढचा जानेवारी-जुलै चुकवू नका.

प्रश्न : मी कापडाच्या दुकानात मदतनीस आहे. ‘कमी पगार मला मान्य आहे’ असं मालकांनी माझ्याकडून लिहून घेतलं आहे. आता काही करता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : येईल. तो कागद कायद्याने रद्दबातल आहे, तुम्ही राजीखुशीने सही केली असलीत तरीही. फरकाच्या रकमेसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पूर्ण पगार दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. फरकाशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. हजेरीचा, बँकेत जमा झालेल्या पगाराचा, मोबाइलवरच्या संदेशांचा जो पुरावा हाताशी असेल तो आजच जपून ठेवा, आणि एकट्याने जायची धास्ती वाटत असेल तर युनियनमार्फत अर्ज करा.