वाट ओळखीची हवी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झाल्यावर बहुतेकांनी एकच सल्ला दिला, "आता घरातच ठेवा." आम्ही त्यांना रोज बाहेर नेत राहिलो. दादरच्या शिवाजी पार्कात आणि इतर बागांत त्यांच्यासोबत फिरताना जे कळलं, ते मांडते.

१. पाटीपेक्षा खूण मोठी. प्रवेशद्वारांचे क्रमांक अण्णांच्या डोक्यात राहत नाहीत. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा किंवा गणपतीचं देऊळ दिसलं की मात्र त्यांना दिशा सापडते. सुशोभीकरणाच्या नावाखाली अशा जुन्या खुणा हलवू नयेत.

२. बाक बाकासारखाच दिसावा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणी न सांगता अण्णा टेकतात. नव्या बागांतल्या वाकड्यातिकड्या, शिल्पासारख्या आसनांपुढे ते नुसते उभे राहतात. एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या अभ्यासाचाही निष्कर्ष हाच आहे: ओळखीच्या रूपातल्या वस्तू स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सहज वापरता येतात.

३. जमीन एका रंगाची असावी. फरसबंदीतला काळा पट्टा त्यांना खड्डा वाटतो, चकचकीत फरशी ओली वाटते आणि पाऊल अडतं. न चकाकणारी, एकरंगी वाट उत्तम. ठळक रंग हवा तो फक्त पायरीच्या कडेला.

४. शौचालयाचा प्रश्न आधी सोडवा. ते लांबून दिसावं, दारावर मोठं, साधं चित्र असावं आणि बाहेर पडायचं दार आतून चटकन ओळखता यावं. मुलगी वडिलांना किंवा नवरा बायकोला मदतीसाठी आत नेऊ शकेल, अशी एक स्वतंत्र खोली हवीच. ती नसते म्हणून कितीतरी घरांतलं फिरणं बंद होतं.

५. सकाळची वेळ साधा. दिवस कलला की अनेक रुग्णांचा गोंधळ वाढतो. त्यात गर्दी आणि भोंगे असह्य होतात. रोजची वेळ आणि रस्ता शक्यतो तोच ठेवा.

६. आसपासच्या माणसांना सांगून ठेवा. शहाळेवाला, पेपरवाला, सुरक्षारक्षक यांना आजार माहीत असला की ते लक्ष ठेवतात. खिशात नाव-फोनची चिठ्ठी असू द्या. "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा कुणी घेऊ नये, आपलं नाव सांगून बोलायला लागावं. जपानने २००५ पासून सामान्य नागरिकांना असंच प्रशिक्षण दिलं आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तुमच्या वॉर्डात बागेचं काम निघेल तेव्हा नकाशा मागून घ्या आणि बाक, फरशी, शौचालय यांबद्दल लेखी सूचना द्या. काम सुरू होण्याआधी हे बदल फारशा खर्चाविना होतात.