परसातील कोंबड्या आणि दारचा कुत्रा

झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. इंदूरच्या आसपास बंगल्याच्या परसात अशा चार-सहा काळ्या कोंबड्या बाळगण्याची हौस अलीकडे बरीच दिसते. त्या घरांत कुत्रा बहुधा आधीपासूनच असतो. त्यामुळे दवाखान्यात मला हमखास विचारले जाते, "डॉक्टर, आमचा मोती अगदी गरीब आहे हो. कोंबड्यांत मोकळा सोडला तर चालेल ना?"

'गरीब' हा शब्द येथे फसवा आहे. कुत्रा घरच्या माणसांशी ज्या वृत्तीने वागतो ती निराळी, आणि पंख फडफडवीत पळणारा जीव दिसताच त्याच्यात जी जागी होते ती निराळी. तिच्या मुळाशी राग नसतो, म्हणून ती आधी गुरगुरत नाही. तिचा क्रम ठरलेला असतो: नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, झडप आणि जबड्यात धरून झटकणे. मेंढ्या वळणाऱ्या जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यातील पहिल्या पायऱ्या ठळक केल्या व शेवटच्या दडपल्या. टेरियर जातींत नेमक्या शेवटच्याच जोपासल्या. शिवाय पाठलाग हेच कुत्र्याला मिळणारे बक्षीस असते. एकदा ते चाखले की मागाहून दिलेला मार निरुपयोगी ठरतो. मारलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधण्याचा जुना उपाय सांगितला जातो. त्याने परसात दुर्गंधी तेवढी पसरते.

म्हणून आधी जाळी, मग शिकवण, असा क्रम मी आग्रहाने सांगतो. बाजारात मिळणारी बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. जाड तारेची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण कुत्रा उकरतो. खुराडे रात्री बंद हवेच. मुंगूस आणि मांजर यांचा बंदोबस्तही त्यातच होतो.

शिकवण काही आठवडे जाळीबाहेरून, गळ्यात पट्टा व हाती साखळी ठेवून द्यावी. कुत्रा कोंबडीवरून नजर काढून आपल्याकडे वळेल त्याच क्षणी खाऊ द्यावा. अंग ताठ, तोंड मिटलेले, डोळे खिळलेले असे दिसले की अंतर कमी पडले असे समजून मागे सरावे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात कोंबड्यांची सवय लागलेले पिल्लू पुढे सोपे जाते. तरी वयात येताना तेही बदलू शकते. वर्षभर शहाणपणाने वागलेला कुत्रासुद्धा कोंबड्यांजवळ एकटा सोडू नये, या मताचा मी आहे.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने खरा धोका कोंबडीपुरता राहत नाही. मजजवळ आलेला आठ वर्षांचा एक मुलगा कोंबडी सोडवायला गेला आणि घरच्याच कुत्र्याचे दात त्याच्या तळहातात रुतले. मुलांना निक्षून सांगावे की मध्ये हात घालायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. चावा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावर विसंबून रेबीजचे उपचार लांबवू नयेत. त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवणे हे उपचारांसोबत चालते, त्यांच्याऐवजी नव्हे. कोंबडीवर जखम दिसत नसली तरी ती धक्क्याने अथवा आतील इजेने काही तासांनी दगावू शकते. तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवून पशुवैद्यांना दाखवावे.

कोंबड्यांच्या विष्ठेतून येणारा साल्मोनेला कुत्र्याच्या आतड्यात लक्षणांविना राहू शकतो. खुराड्यात तोंड घालून आलेल्या कुत्र्याने पाच वर्षांखालील मुलाचे तोंड चाटू नये आणि हात धुण्यात घरात कोणालाही सूट नसावी. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवर मोनेन्सिन मिसळलेले असते. कुत्र्याला त्याने पक्षाघातासारखी विषबाधा होऊ शकते, तेव्हा पोते झाकणाच्या पिंपात ठेवावे. जानेवारी २०२१ मध्ये इंदुरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा त्याच रोगाच्या दुसऱ्या प्रकाराने दगावला होता. परसात मेलेला पक्षी आढळल्यास कुत्र्याला प्रथम बांधावे, पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकीय खात्यास कळवावे.