रुळाचे पोलाद आणि आपली कार्यशाळा

हुबळीला मोठे केले ते रेल्वेने. सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना येथे १८८५ साली निघाला, आणि २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. तेव्हा जुना रूळ आपल्या मुलांना नवा नाही. तो कुंपणाचा खांब होतो, छताची तुळई होतो, लोहाराची ऐरण होतो. नवनगरातल्या मुलांना तर गाडीचा आवाज रोजचाच. तरीही प्रकल्पाच्या वेळी दर वर्षी कोणीतरी विचारतोच, "सर, रूळ म्हणजे लोखंडच ना? मग वेल्डिंग का धरत नाही?"

उत्तर कार्बनमध्ये आहे. बाजारात मिळणाऱ्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेल्या ८८० दर्जाच्या रुळात तो ०.६० ते ०.८० टक्के असतो. शिवाय मँगनीज ०.८० ते १.३० टक्के. ८८० हा आकडा ताणशक्तीचा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ८८० न्यूटन. माइल्ड स्टीलच्या दुपटीहून ही शक्ती अधिक. मात्र हेच पोलाद एकदम थंड झाले की ठिसूळ होते. थंड रुळावर साधा इलेक्ट्रोड चालवला, तर टाक्याशेजारी तडा जातो. तुकडा आधी ३०० ते ३५० अंशांपर्यंत तापवावा, कमी हायड्रोजनचा इलेक्ट्रोड घ्यावा आणि काम झाल्यावर राखेत पुरून सावकाश निवू द्यावे. गॅसने कापलेली कडही अशीच कडक होते, तिच्यावरून कानस नुसती घसरते. तीही लाल करून राखेत निववावी.

रुळाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे ऐरण. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रूळ आडवा ठेवला की घावाखाली त्याची पातळ कंबर येते. तो थरथरतो, वाजतो आणि घावाचा जोर वाया जातो. तोच उभा रोवावा. मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळाचा ६० सेंटिमीटरचा तुकडा ३१ किलो भरतो, आणि उभा केला की ते सारे वजन हातोड्याच्या नेमके खाली येते. ठोकण्याची जागा लहान मिळते खरी, पण छोट्या कामाला ती पुरते. माथ्यावर चाकांनी पडलेल्या बारीक चिरा असतात. तो भाग वापरायचा असल्यास आधी दोन-तीन मिलिमीटर घासून काढावा, आणि चष्म्याशिवाय हातोडा उचलू नये.

मीटर गेजचे रुंदीकरण आपल्या भागात १९९० च्या दशकात झाले. जुन्या लाकडी स्लीपरांतले खिळे त्यामुळे भंगारात पुष्कळ आले. त्यांचा सुरा करण्याची हौस अनेकांना असते. ती मला पटत नाही. त्या खिळ्यात कार्बन कमी, त्यामुळे पाणी दिले तरी धार टिकत नाही. उलट तो वेल्डिंगला उत्तम, म्हणून पक्षी, बैल, माणसे अशी शिल्पे करायला तो घ्यावा. छन्नी हवी असेल तर काँक्रीट स्लीपरवरची वाकडी स्प्रिंग-क्लिप घ्या. ती सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग पोलादाची, कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. भट्टीत सरळ करावी, चुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवावी, तेलात विझवावी, मग धारेवर जांभळा रंग चढेपर्यंत पुन्हा हलकेच तापवावी. डोके मात्र मऊच राहू द्यावे. आमच्या कन्नड विभागातले विद्यार्थी गावच्या कम्माराकडून हे काम पाहून आलेले असतात. त्यांना माझ्यापेक्षा रंग लवकर कळतो.

माल कोठून आणायचा, हा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. रुळाकडेला पडलेला गंजका खिळासुद्धा रेल्वेचीच मालमत्ता असतो. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायद्याप्रमाणे, चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला माल जवळ सापडला तर तो रीतसर मिळाला हे ज्याच्याकडे सापडला त्यालाच दाखवावे लागते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते. लिलावात माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडून वजनाने तुकडा घ्यावा आणि पावती मागावी. त्या पावतीची प्रत प्रकल्पवहीच्या पहिल्या पानाला लावलेली नसेल, तर मी तुकडा कार्यशाळेत येऊ देत नाही.