वीर्यस्खलनानंतरचं आजारपण: पैसे कशावर घालायचे आणि कुठे थांबायचं

संबंधानंतर किंवा झोपेत वीर्य गेल्यावर तासाभरात अंग मोडून येतं. नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात, डोकं बधिर होतं, साधं बोलतानाही शब्द सापडत नाहीत. दोन-चार दिवस असेच जातात, मग सगळं आपोआप निवळतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. ज्याला हे होतं तो बहुधा कुणाला सांगत नाही. सांगितलंच तर 'अशक्तपणा आहे, खारीक-दूध घे' एवढ्यावर विषय मिटतो. वैद्यकात या आजाराला नाव आहे: पोस्ट-ऑर्गॅझमिक इलनेस सिंड्रोम, थोडक्यात पॉइस. नेदरलँड्सचे मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइत्झर यांनी २००२ मध्ये दोन रुग्णांवरून त्याची पहिली नोंद केली. आजार दुर्मिळ आहे, कारण अजून पक्कं सापडलेलं नाही आणि त्याचं निदान करणारी एकही रक्तचाचणी नाही. हे शेवटचं वाक्य खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. 'सगळ्या टेस्ट करून टाका, काय ते कळेल' या सल्ल्यावर गेलेला पैसा इथे बहुतेक वाया जातो.

सातारा-सांगलीकडे या आजाराचा फटका आणखी एका प्रकारे बसतो. विटा, आटपाडी, माण, खटाव भागातले कितीतरी तरुण गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी वर्षभर दक्षिणेत असतात, कितीतरी जण लष्करात. गावी येतात ते मोजक्या दिवसांसाठी. त्यातले चार दिवस अंथरुणात गेले तर बायकोला वाटतं, याला मी नकोशी झाले, आणि आईला वाटतं, पोराला कुणाची दृष्ट लागली. आजार संसर्गाचा नाही, पत्नीला त्यातून काही होत नाही, आणि त्यात दोघांपैकी कुणाचीच चूक नाही. हे घरात मोकळेपणाने सांगायला एक रुपयाही लागत नाही. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी.

पैशाचा पहिला खर्च वही आणि थर्मामीटर. डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशे रुपयांत मिळतो. वाल्डिंगर यांनी निदानासाठी पाच निकष मांडले आहेत, आणि ते तपासायला वहीच लागते. सर्दी-तापासारखी, थकव्याची, स्नायूंच्या दुखण्याची, चिडचिडीची किंवा लक्ष न लागण्याची लक्षणं आहेत का; ती स्खलनानंतर काही सेकंदांत, मिनिटांत किंवा काही तासांत सुरू होतात का; जवळजवळ दर वेळी, म्हणजे दहापैकी नऊहून अधिक वेळा होतात का; दोन ते सात दिवस टिकतात का; आणि औषधाशिवाय जातात का. वहीत तारीख आणि वेळ लिहा. संबंध, हस्तमैथुन की स्वप्नस्खलन ते लिहा. पहिलं लक्षण किती मिनिटांनी आलं, ताप किती भरला, कामावर गेलात की खाडा पडला, कुठल्या दिवशी पूर्ण बरं वाटलं, तेही नोंदवा. अंगात कणकण वाटते पण थर्मामीटर ९८.४ दाखवतो, असं झालं तर तेही लिहून ठेवा, डॉक्टरांना ते कळायला हवं. मधल्या काळात झालेली साधी सर्दीसुद्धा नोंदवा, म्हणजे खरा संबंध कुठला आणि योगायोग कुठला हे वेगळं काढता येतं. दोन महिन्यांची अशी वही हातात असेल तर डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं आणि तुमच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

या वहीचा दुसरा उपयोग असा की, पॉइस आणि धात यांची गल्लत टळते. लघवीवाटे धात, म्हणजे वीर्य, जाते म्हणून अंग खंगतं, या भीतीने येणाऱ्या त्रासाला 'धात सिंड्रोम' हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये दिलं. त्यात भीती सतत असते, लक्षणं दिवस-वेळ पाळत नाहीत, आणि नीट माहिती व समुपदेशनाने माणूस सावरतो. पॉइसमध्ये घड्याळ आणि कॅलेंडर स्पष्ट दिसतं. वीर्याच्या एका थेंबासाठी रक्ताचे शंभर थेंब खर्ची पडतात, यावर र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून तुटून पडले होते, तरी तो समज अजून आपल्याकडे ठाण मांडून आहे. पॉइसमध्येही वीर्य 'कमी झालं' म्हणून माणूस आजारी पडत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा किंवा मज्जासंस्था त्या क्षणाला विचित्र प्रतिसाद देते, असा संशोधकांचा संशय आहे. त्यामुळे 'धातुपौष्टिक' म्हणून जे काही विकलं जातं त्याचा या आजाराशी संबंध नाही.

आता दवाखाना. पहिली भेट एमडी मेडिसिन डॉक्टरांची घ्या, 'गुप्तरोग तज्ज्ञ' अशा पाटीची नको. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय त्यातलंच. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे. तिथे शासकीय दराने पैसे घेतात, पण खासगीच्या मानाने ते किरकोळ असतात. मिरजेचं महाविद्यालय १९६२ पासूनचं. मेडिसिन, त्वचा, मानसोपचार असे विभाग एकाच ठिकाणी मिळतात, हा तिथला मोठा फायदा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जा. कराडला कृष्णा आणि सांगलीला भारती ही शिक्षणसंस्थांची रुग्णालयं आहेत, त्यांची ओपीडी शहरातल्या खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा स्वस्त पडते.

केसपेपरच्या खिडकीवर मागे वीस माणसं उभी असताना आजार सांगायची गरज नाही. 'मेडिसिन ओपीडी, वारंवार ताप-अंगदुखी' एवढं पुरे. आत डॉक्टरांसमोर मात्र आढेवेढे घेऊ नका: 'डॉक्टर, वीर्य गेल्यावर अर्ध्या तासात कणकण भरते आणि तीन दिवस राहते, दर वेळी. ही वही बघा.' शिकाऊ डॉक्टर घोळक्याने उभे असतील तर एकांतात बोलायचंय असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांनी या आजाराचं नाव ऐकलेलं नसेल तर रागावू नका. दोन वाक्यांत माहिती द्या आणि त्यांना वाचायला वेळ द्या. हसण्यावारी नेणारा डॉक्टर भेटला, तर मात्र दुसरा गाठा.

खासगीत गेलात तर सातारा-सांगलीत एमडी डॉक्टरांची फी साधारण ३०० ते ६०० रुपये धरा. पहिल्या फेरीच्या तपासण्या पॉइस शोधायला नसतात, दुसरं काही नाही ना हे बघायला असतात. हिमोग्राम २०० ते ४००, साखर १०० च्या आत, थायरॉइड ४०० ते ७००, लघवी १०० ते १५०, टेस्टोस्टेरॉन ५०० ते ९००. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी लवकर द्यायचं, दुपारी दिलं तर आकडा कमी येतो आणि फुकट घाबरायला होतं. डॉक्टरांना गरज वाटली तरच बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. त्या दोन्हींचे मिळून दीड-दोन हजार सहज होतात. म्हणजे दोन भेटी धरून पहिली फेरी साधारण दोन ते साडेतीन हजारांत बसते, ही दोन्ही जीवनसत्त्वं धरली तर साडेतीन ते साडेपाच हजारांत. दर लॅबनुसार बदलतात, म्हणून सांगली-मिरज रस्त्यावर दोन ठिकाणी फोन करून विचारायला लाजू नका. 'फुल बॉडी पॅकेज' घेऊ नका. त्यातल्या बहुतेक आकड्यांचा या प्रश्नाशी काही संबंध नसतो.

लघवीला जळजळ, ओटीपोटात किंवा वृषणाच्या मागे दुखणं, वीर्यात रक्त, यातलं काही असेल तर युरॉलॉजिस्ट. फी ५०० ते ८००, लघवीचं कल्चर ५०० ते ८००, सोनोग्राफी हजार-दीड हजार. प्रोस्टेटची सूज निघाली तर त्यावर उपचार आहेत. नाक-डोळे-शिंका हाच मुख्य त्रास असेल तर ॲलर्जीतज्ज्ञ. त्यासाठी बहुधा पुणं गाठावं लागतं. सातारा-पुणे लालपरीचं तिकीट दोनशेच्या आतबाहेर, सांगलीहून चारशेच्या आसपास. लैंगिक आरोग्याचे तज्ज्ञही पुण्यात भेटतील, फी हजार ते दोन हजार. पण तिकडे जायचं ते पहिली फेरी पूर्ण करून आणि रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन, नाहीतर त्याच तपासण्या दुप्पट दराने पुन्हा होतात. सेवेतल्या जवानांनी हा खर्च करूच नये, लष्करी रुग्णालयात तो त्यांचा हक्क आहे.

एक गोष्ट तातडीची. स्खलनाच्या क्षणी डोक्यात स्फोट झाल्यासारखी कधी नव्हे इतकी जोराची कळ आली, ओठ-घसा सुजला, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे, आणि अशी डोकेदुखी मेंदूतल्या रक्तस्रावाचीही असू शकते.

औषधांबाबत मला वाटतं ते असं: स्वस्तापासून सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच बदल करावा. काही रुग्णांना ॲलर्जीच्या साध्या गोळीने, म्हणजे सेट्रिझिन किंवा फेक्सोफेनाडिनने, आराम पडल्याच्या नोंदी आहेत. सेट्रिझिनची दहाची पट्टी वीस रुपयांच्या आतबाहेर मिळते, जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. तिने झोप येते, त्यामुळे ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याने हे डॉक्टरांना आधी सांगावं. दाहशामक गोळ्याही काहींना चालतात, पण पोट आणि मूत्रपिंड सांभाळून. मनःस्थितीवरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा उपयोग झालेलेही रुग्ण आहेत. वाल्डिंगर यांच्या ४५ रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांना आयुष्यभर शीघ्रपतनाचा त्रास होता, आणि या गोळ्या त्यावरही दिल्या जातात. त्या मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. सिलोडोसिन ही प्रोस्टेटची गोळी काहींवर वापरून पाहिली गेली आहे. ती घेतल्यावर अनेकांचं वीर्य बाहेरच येत नाही, त्यामुळे मूल हवं असणाऱ्यांनी विचार करून घ्यावी. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन फक्त तपासणीत कमतरता सिद्ध झाली तरच घ्यावं. 'ताकदीसाठी' घेतलं तर शुक्राणूच घटतात.

२०११ मध्ये वाल्डिंगर यांनी ३३ पुरुषांच्या त्वचेवर त्यांचंच पातळ केलेलं वीर्य टोचून पाहिलं, २९ जणांत प्रतिक्रिया आली. पुढे दोघांना अशी इंजेक्शनं १५ आणि ३१ महिने दिली आणि त्यांचा त्रास बराच कमी झाला. दोन माणसांवरून उपचारपद्धती ठरत नाही. या चाचणीचा प्रमाणित संच बाजारात मिळत नाही, आणि तीव्र ॲलर्जीचा धोका खरा आहे. आपल्या भागात कुणी हे करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. ओमालिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शनंही काही रुग्णांवर वापरली गेली आहेत, पण एका कुपीला पाच आकडी रक्कम लागते. शेत विकून करावा असा तो उपचार आज तरी नाही.

आणि एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या जाहिराती. 'दर मंगळवारी अमुक लॉजवर भेटा, गुप्तरोग हमखास बरा.' लैंगिक शक्ती वाढवण्याची जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपचार जाहिरात कायद्याने बंदी आहे. अशा ठिकाणी भस्म, पुड्या आणि तेलाचा कोर्स काही हजारांना गळ्यात मारला जातो. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड किंवा जड धातू असू शकतात. स्टेरॉइडने चार दिवस बरं वाटतं, म्हणूनच लोक फसतात. ज्या पुडीवर घटक, बॅच नंबर आणि कंपनीचं नाव नाही ती घ्यायची नाही. वैदू असो की डॉक्टर, हा नियम सगळ्यांना सारखा लावा.

योजनांवर फार भिस्त ठेवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरलेल्या रुग्णालयीन उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या या हेलपाट्यांना ती लागू होत नाही. खासगी विमाही बहुतेक वेळा ओपीडी धरत नाही. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. वयात येणाऱ्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, तिथे विनामूल्य आणि गुप्तपणे बोलता येतं.

या आजाराचा सगळ्यात मोठा खर्च मात्र कुठल्याच बिलात दिसत नाही. गवंड्याची हजेरी आठशे धरली तर तीन दिवसांचा खाडा म्हणजे चोवीसशे रुपये, तेही दर वेळी. म्हणून दिवस बघून संबंध ठेवणं हा आजच्या घडीला खरा उपाय आहे: सुट्टीच्या आदल्या रात्री, परीक्षा, बँकेची मुलाखत किंवा गळीत हंगामातली रात्रपाळी टाळून. मूल हवं असेल तर पत्नीच्या पाळीवरून बीज सुटण्याचे दिवस काढा. तीनशे-पाचशेच्या किटने ते घरी कळतात, आणि महिन्यातल्या दोन-तीन दिवसांवर भागतं. आयव्हीएफकडे केवळ पॉइसमुळे धावू नका.

शेवटी कागद. प्रत्येक ठिकाणी पावती मागा. उपचाराच्या नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी. खासगी शुश्रूषागृहात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे, ती भिंतीवर शोधा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीत आजाराचं नाव ठळक लिहायची गरज नसते. 'औषधोपचाराच्या नावाखाली दिशाभूल', दिलेली रक्कम, तारीख आणि पावतीची प्रत एवढ्यावर काम सुरू होतं.