पंचाक्षरी इंग्रजी शब्दांचे एक कुटुंब

इंग्रजीच्या तासाला शाळेवरून जाणाऱ्या माणसाच्या कानी ‘एन-आय-जी-एच-टी नाइट, नाइट म्हणजे रात्र’ हा सूर हमखास पडतो. वर्ग एका तालात म्हणतो आणि शिक्षकांस समाधान वाटते. मात्र दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन घेतले की कित्येक वह्यांत जी आणि एच यांनी आपापसांत जागा बदललेल्या असतात, किंवा ती दोन्ही अक्षरे नाहीशी झालेली असतात. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी सुरू होत असल्याने ही अडचण मुलांपुढे फार लवकर उभी राहते.

मी नोकरीस लागलो त्या वर्षीची गोष्ट. एका मुलाने ‘नाइट’ हा शब्द एन-ए-आय-टी असा लिहिला होता. मी त्यावर तांबडी फुली मारली. मुलाने विचारले, “गुरुजी, जी आणि एच म्हणायचे कुठे?” मी म्हणालो, “ते तसेच असते, पाठ कर.” त्याने पाठ केले, पण त्यानंतर वर्षभर त्याने इंग्रजीच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे ध्यानात आले की त्याचे लेखन अज्ञानाचे नव्हते. ना, इ, ट हे तीन ध्वनी त्याने बरोबर ऐकले होते आणि मराठी लेखनाच्या न्यायाने इंग्रजी अक्षरांत उतरविले होते. चूक होती ती माझ्या उत्तरात.

आता मूळ विषयाकडे वळू. आय-जी-एच-टी ही चार अक्षरे शेवटी असलेले, एकूण पाच अक्षरांचे, नेहमीच्या वापरातील इंग्रजी शब्द आठ आहेत: लाइट, टाइट, फाइट, नाइट, राइट, माइट, साइट आणि एट. हे शब्द पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या धड्यांत विखुरलेले असतात, म्हणून मुलास आठ वेळा आठ निरनिराळी संकटे वाटतात. ते एकत्र आणल्यास संकट एकच उरते. पुठ्ठ्याच्या एका लांब तुकड्यावर ही चार अक्षरे ठळक लिहावीत व डाव्या बाजूस एल, टी, एफ, एन अशी सुटी अक्षरे एकेक करून ठेवीत जावे. मुलाने पाच अक्षरे नव्हे, एकच अक्षर बदलावयाचे आहे. चार अक्षरांचा तो गठ्ठा ‘आइट’ असा एका दमात वाचावयाचा.

आरंभ लाइट, टाइट आणि फाइट यांपासून करावा, कारण ‘लाइट गेली’, ‘नट टाइट कर’ हे खेड्यातील मूलही रोज ऐकते. साइट हा शब्द मात्र शेवटी घ्यावा. बांधकामाची साइट मुलांच्या परिचयाची असते, पण तो शब्द निराळा. त्याचे लेखन एस-आय-टी-ई. आपल्या कुटुंबातील साइट म्हणजे दृष्टी. त्याच कारणास्तव काइट, व्हाइट हे शेवटी ई असलेले शब्द त्याच आठवड्यात शिकवू नयेत; दोन्ही कुटुंबे एकमेकांत मिसळली की पुन्हा वेगळी करणे कठीण जाते.

जी आणि एच ही अक्षरे तेथे का आली, हे शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट होय. प्राचीन इंग्रजीत या शब्दांत टीच्या आधी घशातून घासून निघणारा, ह आणि ख यांच्या मधला एक ध्वनी खरोखर उच्चारला जाई व तो नुसत्या एचने लिहीत. सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनपद्धती पालटत गेली आणि त्या ध्वनीसाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला तेव्हा पुष्कळांच्या तोंडी तो ध्वनी होता. छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिर झाले, ध्वनी मात्र लोपला. जर्मन भाषेत तो आजही आहे. रात्रीला जर्मन माणूस ‘नाख्ट’ म्हणतो. आपल्या संस्कृतातील ‘नक्तम्’ हा याच शब्दाचा दूरचा आप्त. ‘हलका’ या अर्थाचा लाइट आणि आपला ‘लघु’ यांचेही मूळ एकच आहे.

हे सारे व्युत्पत्तिशास्त्र चिमुकल्या वर्गापुढे मांडावे असे मुळीच नाही. त्यांना एवढेच सांगावे की ही दोन अक्षरे पूर्वी बोलत असत, आता ती गप्प बसून आहेत. दाखला घरचाच द्यावा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘पांच’, ‘दांत’ असे अनुस्वार दिलेले दिसतात. पञ्च आणि दन्त या शब्दांतील अनुनासिकाची ती खूण होती. उच्चार नसतानाही आपण ती लिहीत होतो. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजांनी आपली खूण राखली. त्यांनीही ती काढली असती तर बरे झाले असते, असे मला वह्या तपासताना अनेकदा वाटले आहे.

राहिला एट. याचा उच्चार ‘आइट’च्या वळणाचा नाही, म्हणून तो या पुठ्ठ्यावर घेऊ नये, त्याचा सोबती वजन या अर्थाचा ‘वेट’, डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी. ही जोडी स्वतंत्र शिकवावी. वरच्या वर्गात सांगण्यास एक गंमत आहे: लॅटिनमध्ये आठ म्हणजे ‘ऑक्टो’, आणि ऑक्टोबर हा रोमनांच्या जुन्या पंचांगात आठवा महिना होता. एटमधील गप्प अक्षरांच्या जागी तेथे ‘क’ स्पष्ट ऐकू येतो.

श्रुतलेखन तपासताना ज्या मुलाने चारही अक्षरे लिहून केवळ जी-एचचा क्रम उलटा केला असेल, त्यास पुठ्ठा पुन्हा हाती द्यावा. तो एक-दोन दिवसांत सुधारतो. ज्याने एन-ए-आय-टी लिहिले असेल त्यास जवळ बोलावून तो शब्द मोठ्याने वाचावयास सांगावा, त्याने काय ऐकले ते विचारावे, आणि मग शेजारी बरोबर शब्द लिहून द्यावा. फुली मारण्याचे कारण नाही.